शब्दाचा सूर, गाण्याचा सूर

गेल्या पावसाळ्यात आमच्या मेडिसिन वॉर्डात बासष्ट वर्षांचे एक शेतकरी दाखल झाले होते. सकाळी उठले तेव्हा उजवा हात-पाय हलेना आणि तोंडून शब्द फुटेना. घरच्यांना वाटलं, आदल्या दिवशी शेतात भिजले, घसा धरला असेल. अख्खा दिवस शेकण्यात आणि काढा पाजण्यात गेला. आमच्याकडे पोचले तोवर मेंदूच्या डाव्या बाजूचा बराच भाग रक्ताविना कायमचा गेला होता. (विषयांतर होईल, पण इथेच सांगून टाकते. अचानक बोलणं गेलं, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, तर घसा तपासत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.)

काकांना आम्ही म्हणू ते बरंचसं कळत होतं. ‘डोळे मिटा’ म्हटलं की मिटायचे, ‘डावा हात वर करा’ म्हटलं की करायचे. पण नाव विचारलं की नुसतं ‘त... त... त’ आणि मग डोळ्यांत पाणी. एकादशीच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाने मोबाइलवर हरिपाठाचे अभंग लावले आणि काका गायला लागले. नुसती चाल नव्हे, शब्दांसकट. त्यांची बायको पदर तोंडाला लावून उभी. अभंग संपल्यावर मी विचारलं, “काका, नाव काय तुमचं?” पुन्हा ‘त... त...’

हे दृश्य मी इतक्या वर्षांत पुष्कळदा पाहिलं आहे. कोणी आरती म्हणतो, कोणी जुनं सिनेमाचं गाणं, कोणी शाळेतला पाढा. आमची इंटर्न मात्र थक्क होऊन बघत राहिली. ही मुलगी चीनमध्ये एमबीबीएस करून आलेली. आमच्या पिढीला चीन आणि डॉक्टर म्हटलं की एकच नाव आठवतं, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली ते तिकडे गेले, चिनी शिकले आणि १९४२ साली तिथेच वारले. आता कोटणीसांच्याच महाराष्ट्रातली मुलं तिकडे शिकायला जातात आणि वॉर्डात पेशंटशी बोलायचं म्हणून चिनी शिकतात.

त्या रात्री ड्युटीवर चहा घेताना तिने विचारलं, “मॅडम, काका चिनी असते तर? चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. मग गाताना काय होत असेल?”

प्रश्न डोक्यात बसला. शोधत गेले तसतसं लक्षात आलं की हा प्रश्न एकाच वेळी वैद्यकाचा, भाषेचा आणि गाण्याचाही आहे.

आधी चिनीतला सूर म्हणजे काय ते बघू. त्या मुलीनेच मला तिची फजिती सांगितली. तिकडच्या वॉर्डात एका आजीबाईंना तिला विचारायचं होतं, ‘कंबर दुखते का?’ कंबरेला चिनी शब्द ‘याओ’. उंच सुरात, सरळ, तंबोऱ्याच्या तारेसारखा न हलवता म्हणायचा. हिने तो वरून खाली झटक्यात आणला, आपण रागावून ‘नाही!’ म्हणतो तसा. तसा म्हटलेला ‘याओ’ म्हणजे औषध. आजीबाईंना ऐकू आलं, ‘औषध दुखतं का?’ त्या हसल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, इथे दुखतंय. हाच ‘याओ’ खालून वर चढवत म्हटला, आपण नवल वाटून ‘हो?’ म्हणतो तसा, तर अर्थ होतो हलवणे. आणि आवाज खाली बुडवून म्हटला तर चावणे. एक अक्षर, चार चाली, चार अर्थ. उच्चारातल्या या चढउताराला भाषाशास्त्रात टोन म्हणतात. बीजिंगच्या बोलीवर आधारलेल्या मँडरिन या प्रमाण चिनीत असे चार टोन आहेत, शिवाय काही अक्षरं बिनटोनाची, हलकी.

आपणही बोलताना सूर वापरतोच. ‘आलास.’ आणि ‘आलास?’ यांत फरक सुराचाच आहे. पण तिथे बदलतो तो वाक्याचा भाव. ‘येणे’ हे क्रियापद येणेच राहतं. सुराने शब्दच पालटणारी भाषा पाहायला चीनपर्यंत जायलाही नको. पंजाबीत घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी हे तीन शब्द जवळजवळ एकाच अक्षरांचे आहेत, फरक टोनाचा.

आता घशात काय घडतं ते पाहा. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. पुरुषाचे बोलताना सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे वेळा कंप पावतात, बाईचे दोनशेच्या आसपास. स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला एक छोटा स्नायू असतो, तो आवळला की तंतू ताणले जातात आणि सूर चढतो. सतारीची खुंटी पिळावी तसं. त्याच्या वर घसा, जीभ, टाळू, ओठ मिळून त्या आवाजाची ‘क’, ‘म’, ‘आ’, ‘ई’ अशी अक्षरं घडवतात. म्हणजे अक्षरं घडतात वर आणि सूर घडतो खाली. मराठी गाताना खालचा सगळा विभाग गायकाला मोकळा मिळतो. ‘विठ्ठल’ कोणत्याही सुरावर घ्या, विठ्ठलच. चिनी माणसाच्या त्या छोट्या स्नायूला मात्र शब्दाची चाकरी आधीपासूनच लागलेली असते. गाणं सुरू झालं की त्याच्यावर दुसरा मालक येतो. शब्द म्हणतो खाली ये, चाल म्हणते वर जा. एका वेळी एकाच जागी सूर असणार. कोणाचं तरी ऐकावंच लागणार.

कोणाचं ऐकायचं, याचं उत्तर चीनमध्ये सगळीकडे एकच नाही, आणि मला सगळ्यांत गंमत वाटली ती याचीच.

मँडरिनमधल्या आजच्या लोकप्रिय गाण्यांत बहुतेक वेळा चाल जिंकते. आमच्या इंटर्नने एक गाणं गुणगुणून दाखवलं. त्यात ‘हवंय’ या अर्थाचा ‘याओ’ होता. बोलताना याचाही टोन खाली कोसळणारा, औषधासारखाच. गाण्यात मात्र तो वर चढत गेला. “मग ऐकणाऱ्याला ‘हलव’ असं नाही का ऐकू येत?” मी विचारलं. ती म्हणाली, “नाही मॅडम, पुढचं-मागचं वाक्य असतं ना.” खरं आहे. मराठीत ‘नाव’ म्हणजे होडीही आणि ओळखीचं नावही. ‘नाव पाण्यात सोडली’ आणि ‘नाव सांगा’ यांत कोणी घोटाळा करत नाही. गाण्यात टोन पुसले गेले की मँडरिनमधले पुष्कळ शब्द आपल्या ‘नाव’सारखे होतात आणि ऐकणारा संदर्भाने वाट काढतो. रोजच्या मँडरिनमधले बरेच शब्द दोन अक्षरांचे असतात, त्याचाही आधार मिळतो. एकट्या ‘याओ’चे अर्थ अनेक, पण जोडीने आला की शक्यता कमी होतात. अनोळखी गाणं पहिल्यांदा ऐकताना, विशेषतः एखादं नाव किंवा काव्यातला वेगळा शब्द आला, तर चिनी माणूसही चुकतो. चुकीच्या ऐकलेल्या ओळींचे विनोद तिकडेही भरपूर आहेत.

जुन्या संगीतनाट्याला मात्र ही ढिलाई मंजूर नव्हती. सोळाव्या शतकात सूचौ शहराजवळच्या कुनशानमध्ये कुन्छू हा गायनप्रकार घडला. त्याच्या जडणघडणीत वेइ ल्यांगफू या गायकाचं नाव मानाने घेतलं जातं. कुन्छूत अक्षराचा टोन आधी, चाल नंतर. चढत्या टोनाचं अक्षर आलं की सुरावट चढली पाहिजे, पडतं आलं की उतरली पाहिजे. एकेका अक्षराला लांब, संथ सुरावट असल्यामुळे तो चढउतार सावकाश दाखवायला जागाही मिळते. २००१ साली युनेस्कोने मौखिक वारशाची पहिली यादी केली तेव्हा त्यात कुन्छू होता. आपलं केरळचं कूडियाट्टमही त्याच यादीत होतं. पुढे बीजिंगच्या ऑपेरातही टोनाविरुद्ध गायलेल्या अक्षराला दोषच मानलं गेलं. त्याला शब्द आहे ‘दाओत्झ’, म्हणजे उलटं पडलेलं अक्षर. जाणकार प्रेक्षकाला ते आपल्याकडे वर्ज्य स्वर लागल्यावर खुपावं तसं खुपतं.

सगळ्यांत कडक शिस्त आहे ती दक्षिणेला, हाँगकाँग आणि ग्वांगतुंग भागातल्या कँटोनीज भाषेची. ही मँडरिनहून इतकी वेगळी की दोघांना एकमेकांचं बोलणं सहज कळत नाही. हिच्यात सहा टोन. ‘सी’ हे अक्षर घ्या. टोन बदलेल तसं ते कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि बाब असे सहा अर्थ देतं. मँडरिनचे टोन मुख्यतः आकाराने वेगळे पडतात, म्हणजे सरळ, चढता, बुडणारा, पडता. कँटोनीजमध्ये तीन टोन तिन्ही सरळच आहेत आणि फरक फक्त उंचीचा आहे. एक वरचा, एक मधला, एक खालचा. हार्मोनियमच्या तीन पट्ट्याच म्हणा ना. गाण्यात सूर एक पायरी इकडचा तिकडे झाला की थेट दुसऱ्या शब्दावर जाऊन बसतो.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले मिशनरी या भागात आले. त्यांनी स्तोत्रांचं भाषांतर केलं, पण चाली आपल्या पाश्चात्त्यच ठेवल्या. कँटोनीजमध्ये ‘प्रभू’ हा शब्द मधल्या सुरावरून वर चढतो. तो न चढवता सरळ उंच सुरावर धरला की त्याचा अर्थ होतो डुक्कर. भाविक मनोभावे गात आणि ऐकू भलतंच येई. हे उदाहरण तिकडच्या संगीताच्या अभ्यासकांकडून आजही ऐकायला मिळतं. पुढे टोन सांभाळून स्थानिक रचना होऊ लागल्या, त्याच्यामागे ही अडचण होतीच.

मग हाँगकाँगचे गीतकार काय करतात? १९७४ च्या सुमाराला सॅम हुई या गायकाच्या गाण्यांनी कँटोनीज पॉपची लाट आणली. आठवड्याला नवी गाणी निघायची, आणि पद्धत अशी की चाल आधी, शब्द नंतर. आपल्याकडेही चालीवर गाणी लिहिली जातात, पण मात्रा जुळल्या, यमक साधलं की झालं. तिकडे प्रत्येक अक्षराचा टोन त्या जागच्या सुराला जुळावा लागतो. त्यासाठी गीतकार एक साधी युक्ती वापरतात आणि ती मला फार आवडली. कँटोनीजमध्ये शून्य, दोन, चार, तीन हे आकडे याच क्रमाने म्हटले तर आवाज खालच्या पायरीवरून एकेक पायरी वर चढत जातो. म्हणून चाल हातात आली की गीतकार आधी ती आकड्यांत गुणगुणतो, आपण सरगम करतो तशी. शून्य-दोन-चार-तीन, चार-चार-शून्य. मग त्या त्या आकड्याच्या उंचीचे शब्द शोधून त्या साच्यात बसवतो. साध्या, मनातल्या शब्दाचा टोन जुळला नाही तर तो शब्द सोडावा लागतो, कितीही चांगला असला तरी. एकाच चालीची मँडरिन आणि कँटोनीज अशी दोन गाणी निघतात तेव्हा म्हणूनच ती एकमेकांची भाषांतरं नसतात. बहुधा दुसऱ्यासाठी नवाच गीतकार नवाच विषय घेऊन बसतो.

इथे एक शंका येते. गाण्याच्या सुरांचा पल्ला बोलण्यापेक्षा मोठा. बोलताना जो ‘वरचा’ टोन, तो गाताना नेमका किती वर? पॅट्रिक वाँग आणि रँडी डील या संशोधकांनी २००२ साली कँटोनीज गाणी तपासली. त्यांना आढळलं की लागोपाठच्या दोन अक्षरांत टोन चढत असेल तर चालही चढते आणि उतरत असेल तर उतरते. नव्वद टक्क्यांहून अधिक जागी हे जुळत होतं. किती चढते हे महत्त्वाचं नाही, दिशा महत्त्वाची. ऐकणारेही शब्द ओळखताना आधीच्या सुराशी तुलना करत होते. आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. गायकाने काळी एक धरली काय किंवा पांढरी पाच, ‘सा’ सरकतो, राग तोच राहतो. टोनही तसेच नातेसंबंधांत राहतात. आजोबांचा खर्ज आणि नातीची किनरी यांत एकच शब्द ओळखू येतो तो त्यामुळेच. आणि चढत्या टोनाचं काय? तिथे कसलेला गायक खालून बारीकशी मींड घेऊन सुरावर येतो, आपण कण लावतो तसा. तेवढ्यावर भागतं. स्तोत्रातल्या ‘प्रभू’ला नेमकी ती मींडच मिळाली नव्हती.

चिनी टोन मोजायची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, तीही एका संगीतकाराचीच. चाओ युआन-रन भाषाशास्त्रज्ञ होते आणि गाण्यांना चालीही लावायचे. १९२६ साली त्यांनी ल्यू बान्नोंग या कवीच्या कवितेला लावलेली चाल चीनमध्ये अजून गायली जाते. १९३० साली त्यांनी आवाजाच्या पल्ल्याच्या पाच पायऱ्या कल्पिल्या आणि टोन त्यांवर आकड्यांत मांडले. उंच सरळ टोन ५-५, पडता टोन ५-१. अमुक कंपसंख्या असं कुठेही नाही; ज्याची-त्याची पट्टी, त्यातल्या पायऱ्या.

आता काकांकडे येते. डोक्यात सूर ओळखण्याचं काम कुठे होतं? ढोबळमानाने बोलण्याचा मोठा भार डाव्या बाजूवर, तर चालीच्या जाणिवेत उजव्या बाजूचा वाटा मोठा. मग टोन कुठला? तो तर दोन्ही. १९७३ मध्ये थाई भाषकांवर एक सुंदर प्रयोग झाला. थाईही टोनाची भाषा. हेडफोनने दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द ऐकवले. टोनाने वेगळे पडणारे शब्द थाई लोकांनी उजव्या कानाने जास्त चांगले पकडले, म्हणजे मेंदूच्या डाव्या, भाषेच्या बाजूने. तेच चढउतार नुसते गुणगुणून ऐकवले तेव्हा उजव्या कानाची ही आघाडी दिसली नाही. थाई न येणाऱ्या अमेरिकनांत शब्दांसाठीही ती नव्हती. कानावर पडतं ते तेच. पण तो शब्द आहे असं कळलं की मेंदू ते शब्दाच्या खात्यात टाकतो. डाव्या बाजूला झटका आलेल्या चिनी रुग्णांचे टोनही बिघडतात. व्यंजनं बिघडावीत तसेच.

बोलणं गेलेल्या, पण गाणं उरलेल्या रुग्णांसाठी १९७३ च्या सुमाराला बोस्टनच्या तज्ज्ञांनी एक उपचार काढला. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोनच सुरांत, वरचा आणि खालचा, सावकाश गायचं. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टाळ द्यायचा. जमलं की हळूहळू चाल काढून घ्यायची आणि बोलणं तेवढं ठेवायचं. उपयोग प्रत्येकाला सारखा होत नाही. २०११ साली जर्मनीत झालेल्या एका अभ्यासाने तर असं दाखवलं की मदत होते ती सुरापेक्षा लयीची आणि तोंडात बसलेल्या शब्दांची. मला स्वतःला ते पटतं. काका अभंग म्हणत होते तो हजारदा म्हटलेला होता. नवा अभंग त्यांना म्हणता आला असता असं वाटत नाही. म्हणूनच घरच्यांनी ‘गातायत म्हणजे आता बोलतील’ अशी आशा एकदम धरू नये. आणि ‘बोलत नाहीत म्हणजे काही कळत नाही’ असं समजून त्यांच्यासमोर दवाखान्याच्या खर्चाची चर्चाही करू नये.

मराठीत ‘पाणी दे’ कोणत्याही दोन सुरांवर बसवा, पाणीच मिळेल. चिनी रुग्णाला ‘मला पाणी प्यायचंय’ शिकवताना मात्र वाटेल ते दोन सूर चालायचे नाहीत. चीनमध्ये ही पद्धत मँडरिनसाठी जुळवून वापरलीही गेली आहे. आमच्या इंटर्नने वहीच्या मागच्या पानावर ते वाक्य करून पाहिलं. चार अक्षरं, पहिलं बुडणारं, दुसरं उंचावरून पडणारं, तिसरं उंच सरळ, चौथं पुन्हा बुडणारं. तिने ते खाली-वर-वर-खाली असं बसवलं आणि गाऊन दाखवलं. हाँगकाँगचा गीतकार चालीसाठी शब्द शोधतो. ही पेशंटच्या शब्दासाठी चाल शोधत होती.

काकांच्या ‘पाणी दे’साठी तिला एवढे कष्ट नव्हते. तिने आणि आमच्या स्पीच थेरपिस्टने मिळून अभंगाच्याच चालीचे दोन सूर घेतले. रोज सकाळी राउंडच्या आधी काकांचा डावा हात धरून खाटेच्या कडेवर टाळ चालायचा. पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात ‘पा’ आला, मग एके दिवशी पूर्ण ‘पाणी दे’. घरी सोडलं तेव्हा अशी चार वाक्यं येत होती, आणि नाव अजून अडत होतं.

दिवाळीनंतर तपासणीला आले तेव्हा काठी टेकत स्वतः चालत आले. नाव सांगितलं, थोडं अडखळत, पण चालीशिवाय. पाणी मात्र अजून गाऊनच मागतात. काकू म्हणाल्या, “काय सांगू मॅडम, आता आमच्या घरात नातवंडंसुद्धा तसंच मागतात.”